नुसतं अफगाण बाई असणं आश्रयाला पुरेसं आहे का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्तकी दिल्लीत आले. १० तारखेला अफगाण दूतावासात त्यांची पत्रकार परिषद झाली आणि तिथे एकही महिला पत्रकार नव्हती. आपल्याकडे व्हायचा तो गदारोळ झाला. या परिषदेशी आमचा संबंध नव्हता, असं परराष्ट्र मंत्रालयाने सांगून टाकलं आणि दोनच दिवसांत मुत्तकींनी दुसरी परिषद घेतली. या वेळी महिला पत्रकार पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणाचा विषय काढलाच. शिक्षण हराम ठरवलेलं नाही, पुढच्या आदेशापर्यंत थांबवलं आहे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं.

तो पुढचा आदेश चार वर्षांत निघालेला नाही. दिल्लीतल्या पत्रकारांना आवाज उठवता आला, कारण त्यांच्या पाठीशी संपादक होते, विरोधी पक्ष होते, न्यायालयं होती. काबूलमधल्या बाईच्या पाठीशी यातलं कुणीच नाही. मग ती देश सोडते, निदान सोडायची धडपड करते. पुढे बातम्यांत निर्वासित दर्जा, दुय्यम संरक्षण, सामाजिक गट असले शब्द यायला लागतात आणि वाचक पान उलटतो. खरं तर विषय तेवढा अवघड नाही. सुरुवातीपासून पाहू.

तालिबानने एकदम काहीच बंद केलं नाही

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतलं. सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळा उघडल्या, पण फक्त मुलांच्या. त्याच महिन्यात काबूलमधल्या महिला मंत्रालयाच्या इमारतीवरची पाटी उतरली आणि तिथे सदाचाराचा प्रसार व दुराचाराला प्रतिबंध करणाऱ्या मंत्रालयाची पाटी लागली. डिसेंबरात फर्मान निघालं, की ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला बाईसोबत महरम हवा. महरम म्हणजे नवरा, बाप, भाऊ, मुलगा अशा जवळच्या नात्यातला पुरुष. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या शाळा उघडणार असं जाहीर झालं. मुली दप्तरं घेऊन गेल्या, काही वर्गांत जाऊन बसल्याही, आणि त्याच दिवशी त्यांना घरी धाडलं.

मे २०२२ मध्ये चेहरा झाकण्याचा आदेश आला, नोव्हेंबरात बागा आणि व्यायामशाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत विद्यापीठं आणि स्वयंसेवी संस्थांमधल्या नोकऱ्या, दोन्ही गेलं. २०२३ मध्ये ब्युटी पार्लर बंद केली. तोवर बायकांना बायकांसोबत मोकळेपणी बसता येईल अशा उरल्यासुरल्या जागांपैकी ती एक होती. ऑगस्ट २०२४ च्या ३५ कलमी कायद्याने बाईचा आवाजही परक्या पुरुषाच्या कानी पडू नये असं ठरवलं. डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि सुईणीचे अभ्यासक्रम थांबवले. पुष्कळ भागांत बाईला पुरुष डॉक्टरकडे जाता येत नाही, आणि आता बाई डॉक्टर किंवा नर्स तयार होण्याची वाटही बुजवली. म्हणजे बाळंतपणात अडली तर तिने करायचं काय, याचं उत्तर त्या आदेशात नव्हतं.

आपल्या चाळींत भाडेकरू हुसकावण्याची एक जुनी रीत आहे. मालक 'निघ' म्हणत नाही. आधी नळाचं पाणी कमी होतं, मग जिन्यातला दिवा जातो, मग संडासाला कुलूप लागतं. पोलिसांत जावं तर प्रत्येक तक्रार क्षुल्लक वाटते, दिव्यासाठी कोण गुन्हा नोंदवणार? पण सहा महिन्यांत त्या घरात राहणं अशक्य होतं आणि मालकाला तेच हवं असतं. तालिबानच्या फर्मानांकडे एकेक करून पाहिलं तर असाच गोंधळ होतो. पार्लर बंद झालं म्हणून कुणी देश सोडतं का, असं विचारणारे लोक युरोपातल्या कचेऱ्यांतही होते.

आश्रय कुणाला मिळतो

जगातल्या बहुतेक देशांत आश्रयाचे कायदे १९५१ च्या जिनिव्हा करारावर उभे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या विस्थापितांसाठी तो झाला आणि १९६७ च्या पूरक करारामुळे सगळ्या जगाला लागू झाला. जवळपास दीडशे देश यात आहेत. या करारानुसार निर्वासित म्हणजे पाचपैकी एका कारणावरून छळ होईल अशी सार्थ भीती असलेला, आणि म्हणून आपल्या देशात परतू न शकणारा माणूस. ती पाच कारणं अशी: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व.

यात लिंग नाही. १९५१ साली करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हिटलरपासून पळालेला ज्यू आणि स्टालिनपासून पळालेला विरोधक होता. बाईचा बाई म्हणून छळ होतो आणि तो खुद्द सरकार करतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यामुळे पुढची कित्येक दशकं वकिलांनी बायकांना पाचव्या कारणाच्या, म्हणजे सामाजिक गटाच्या दारातून आत न्यायचा प्रयत्न केला. अधिकारी विचारत, निम्मी लोकसंख्या हा 'विशिष्ट' गट कसा? प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, पण त्याचा फायदा कायम नकार देणाऱ्याला होत असे.

या करारातलं आणखी एक तत्त्व लक्षात ठेवा, पुढे लागेल: ज्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे त्याला त्या धोक्याच्या ठिकाणी परत धाडायचं नाही.

दोघी आणि एक निकाल

ऑस्ट्रियात दोन अफगाण स्त्रियांनी आश्रय मागितला. न्यायालयीन कागदांत त्यांची फक्त आद्याक्षरं आहेत, एएच आणि एफएन. एक १९९५ साली जन्मलेली, दुसरी २००७ साली. दुसरीने अफगाणिस्तानात कधी दिवस काढलाच नव्हता, ती इराणमधून आली होती. ऑस्ट्रियाने दोघींना परत पाठवलं नाही, पण निर्वासित दर्जाही दिला नाही. तिथली परिस्थिती वाईट आहे म्हणून 'दुय्यम संरक्षण' दिलं. या दर्जात सहसा मुदत कमी असते आणि कुटुंबाला बोलावून घेणं कठीण जातं.

दर्जा नाकारण्यामागचा एक युक्तिवाद मला फार बोलका वाटतो. या बायकांनी पाश्चात्त्य राहणी इतकी अंगवळणी पाडलेली नाही, की ती त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचाच भाग व्हावी, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे शाळेत जावंसं वाटतं, एकटीने बाजारात जावंसं वाटतं, हे आधी 'पाश्चात्त्य' ठरवायचं, आणि मग आपण पुरेशा पाश्चात्त्य झालो आहोत हे त्या बाईने अधिकाऱ्यापुढे सिद्ध करायचं. पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांनाही हे युरोपी खूळच वाटत होतं.

प्रकरण लक्झेंबर्गला, युरोपीय महासंघाच्या न्यायालयात गेलं. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल लागला. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. जबरदस्तीचं लग्न, घरातली मारहाण आणि त्यापासून कसलंच संरक्षण नसणं, हा स्वतंत्रपणे छळच आहे. बाकीची बंधनं, शिक्षण, नोकरी, दवाखाना, खेळ, फिरणं, पेहराव यांवरची, सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक वेळी छळाच्या व्याख्येत बसतीलच असं नाही, पण ती एकत्र पाहायची असतात आणि एकत्र पाहिली की तो छळ होतो. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. अफगाण स्त्रीचा अर्ज तपासताना तिचं राष्ट्रीयत्व आणि तिचं लिंग एवढं पाहणं अधिकाऱ्याला पुरेसं आहे. तिला वैयक्तिक धमकी आली होती का, ती कार्यकर्ती होती का, हे वेगळं शोधत बसायची गरज नाही.

शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर युरोपपुरतं तरी 'हो' असं मिळालं. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड याआधीच तिथे पोचले होते. डेन्मार्कच्या निर्वासित अपील मंडळाने तर जानेवारी २०२३ मध्येच तसं ठरवलं होतं. जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचा सर्वोच्च नेता हैबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध लिंगाच्या आधारे छळ केल्याबद्दल अटक वॉरंट काढलं. दोघांना अटक होण्याची चिन्हं नाहीत. पण अखुंदजादा राहतो त्या कंदाहारमधून निघणाऱ्या फर्मानांना जगातलं एक न्यायालय मानवतेविरुद्धचा गुन्हा मानून चाललं आहे, हे आता कागदावर आहे.

पण तिथवर पोचायचं कसं

सगळी मेख इथे आहे. आश्रयाचा अर्ज त्या देशाच्या भूमीवर किंवा सीमेवर पोचल्यावरच करता येतो. काबूलमध्ये बसून जर्मनीकडे आश्रय मागता येत नाही. 'मला आश्रय मागायचा आहे' म्हणून कुणी व्हिसा देत नाही, उलट ती परतणार नाही असा नुसता संशय आला तरी व्हिसा नाकारला जातो. आणि जिला ७२ किलोमीटरपलीकडे महरम लागतो, तिने एकटीने सीमा ओलांडून, तस्करांना पैसे मोजून, इराण-तुर्कस्तान पार करून ग्रीसच्या किनाऱ्याला लागायचं.

त्यामुळे हक्क आहे तो पोचलेलीचा, आणि पोचणं तर तालिबानने पहिल्या काही महिन्यांतच बंद केलं. ज्या कायद्यामुळे तिला आश्रय मिळायला हवा, तोच तिला आश्रयापर्यंत येऊ देत नाही.

बहुतेक जणी म्हणून शेजारीच थांबल्या, पाकिस्तानात आणि इराणमध्ये. तिथेही आता पायाखालची जमीन सरकली आहे. पाकिस्तानने ऑक्टोबर २०२३ मध्ये कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना १ नोव्हेंबरपर्यंत देश सोडायला सांगितलं आणि तेव्हापासून लाखो अफगाण परत गेले. इराणने एकट्या २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक अफगाणांना परतायला लावलं. पाकिस्तान हा १९५१ च्या करारात नाही, इराण आहे, पण सीमेवर उभ्या केलेल्या बाईला हा फरक जाणवत नाही. सोबत पुरुष नसलेली बाई इराणमधून परतताना इस्लाम कला या अफगाण सीमेवरच्या ठाण्यावर उतरते तेव्हा तिला एकटीने गाडी करता येत नाही, घर भाड्याने घेता येत नाही आणि काम तर करताच येत नाही.

थेट वाटा काढायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. जर्मनीने २०२२ मध्ये धोक्यात असलेल्या अफगाणांसाठी महिन्याला एक हजार जणांपर्यंत घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला. महिला न्यायाधीश, पत्रकार, कार्यकर्त्या अशांची त्यात निवड झाली. त्यांनी इस्लामाबादला येऊन व्हिसाची वाट बघायची, अशी पद्धत होती. २०२५ मध्ये जर्मनीत सरकार बदललं, कार्यक्रम थांबला, आणि जर्मनीने लेखी शब्द दिलेली माणसं इस्लामाबादच्या गेस्ट हाऊसमध्ये अडकून पडली. काहींना पाकिस्तानी पोलिसांनी उचलून सीमेपार केलं. काहींनी बर्लिनच्या न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कुठे त्यांना व्हिसा मिळाला.

मग दोन कोटी बायका उठून येतील

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. अफगाणिस्तानची लोकसंख्या चार कोटींच्या पुढे आहे, म्हणजे साधारण दोन कोटी बायका-मुली. कायद्याने सगळ्या पात्र ठरतात हे खरं. पण पात्र असणं आणि येऊ शकणं यात जे अंतर आहे ते वर सांगितलंच. स्वीडन-डेन्मार्कने दार उघडून वर्षं झाली तरी तिथे लोंढे आलेले नाहीत. जर्मनीत निकालानंतर अफगाण अर्ज वाढले ते खरं, मात्र त्यातल्या पुष्कळ जणी आधीपासून जर्मनीत राहणाऱ्या, दुय्यम दर्जा असलेल्या होत्या. त्यांनी पक्का दर्जा मागितला.

तो त्यांच्या धर्माचा, संस्कृतीचा प्रश्न आहे

मग हा धर्म बाकीच्या मुस्लिम देशांना कसा कळला नाही? विद्यापीठबंदी आली तेव्हा कैरोच्या अल-अझहर या जुन्या इस्लामी विद्यापीठाच्या मुख्य इमामांनी ती शरियतच्या विरुद्ध असल्याचं जाहीरपणे सांगितलं. इस्लामी देशांच्या संघटनेनेही निषेध केला. खुद्द तालिबानमध्ये एकमत नाही. उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई, हे गृहस्थ ऐंशीच्या दशकात आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकले, जानेवारी २०२५ मध्ये एका मदरशाच्या पदवीदान समारंभात जाहीरपणे म्हणाले की मुलींवर अन्याय होतो आहे, शाळा उघडा. त्यानंतर ते देशाबाहेर गेल्याच्या बातम्या आल्या.

संस्कृतीचं म्हणाल तर २००४ च्या अफगाण घटनेनुसार कनिष्ठ सभागृहात २४९ पैकी ६८ जागा बायकांसाठी राखीव होत्या. आपल्या लोकसभेत ३३ टक्क्यांचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि तोही लगेच लागू झाला नाही. आणि 'नान, कार, आझादी' म्हणजे भाकरी, काम, स्वातंत्र्य अशा घोषणा देत काबूलच्या रस्त्यावर बंदुकांसमोर उतरलेल्या बायका कुठल्या संस्कृतीतल्या होत्या?

सुरक्षेचं काय

नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाच्या दोघांवर गोळीबार झाला, संशयित अफगाण होता. अमेरिकेने त्यानंतर सगळ्याच अफगाणांचे अर्ज थांबवले. भीती खोटी नसते, पण १९५१ च्या करारात याची सोय आहेच: गंभीर गुन्हे केलेल्याला निर्वासित दर्जा मिळत नाही, आणि देशाला धोका असलेल्या माणसाला परत न धाडण्याच्या तत्त्वाचा आधार घेता येत नाही. कसून चौकशी करा, त्याला कुणाची ना नाही. एका पुरुषाच्या गुन्ह्यासाठी इस्लामाबादेत अडकलेल्या न्यायाधीशबाईंचा अर्ज बंद करणं ही चौकशी म्हणता येणार नाही.

क्रिकेटने काय दाखवलं

'आम्ही अफगाण महिलांसोबत आहोत' असं म्हणायला काहीच खर्च नसतो. म्हणून क्रिकेटचं उदाहरण बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अफगाण बोर्डाने २५ महिला खेळाडूंशी करार केले. नऊ महिन्यांत तालिबान आलं आणि बहुतेक जणी पळून ऑस्ट्रेलियात पोचल्या. ऑस्ट्रेलियाने अफगाण पुरुष संघाशी द्विपक्षीय मालिका खेळायला नकार दिला, त्याची चर्चा खूप झाली. विश्वचषकात मात्र ते खेळले, त्यामुळे त्या बहिष्काराने तालिबानचं किती वाकडं झालं मला सांगता येणार नाही. पण त्याच ऑस्ट्रेलियाने खेळाडूंना व्हिसा दिला, म्हणून ३० जानेवारी २०२५ ला मेलबर्नच्या मैदानावर त्या संघ म्हणून उतरू शकल्या. माझ्या लेखी बहिष्कारापेक्षा तो व्हिसा मोठा. आपल्याकडे लाडका असलेला रशीद खानही नर्सिंगबंदीविरुद्ध उघड बोलला, आणि घरचे लोक अफगाणिस्तानशी बांधलेले असताना बोलला, हेही सांगायला हवं.

भारतात अशी बाई आली तर

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. परदेशी माणूस म्हणजे परदेशी माणूस, मग तो पर्यटक असो की जीव मुठीत धरून आलेला. तालिबान आलं तेव्हा आपण तातडीचा ई-व्हिसा सुरू केला. तेव्हाच एक प्रकार घडला. फरयाब प्रांतातल्या खासदार रंगीना कारगर २० ऑगस्ट २०२१ ला राजनैतिक पासपोर्टवर इस्तंबूलहून दिल्लीला उतरल्या. याच पासपोर्टवर त्या आधीही भारतात येऊन गेल्या होत्या. त्यांना विमानतळावरूनच परत पाठवलं. पुढे सरकारने चूक मान्य केली.

जे पोचतात त्यांना संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था दिल्लीत कार्ड देते. या कार्डाला आपल्या कायद्यात फारसं वजन नाही. नागरिकत्व सुधारणा कायद्यात अफगाणिस्तानचं नाव आहे, पण तो ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने याच समाजांतल्या २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली. तालिबानपासून पळालेली मुस्लिम बाई, हजारा असो की पश्तून, यात कुठेच बसत नाही.

याचा आपल्या दारातला चेहरा म्हणजे पुण्यातल्या अफगाण विद्यार्थिनी. आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर शेकडो अफगाण मुलं-मुली पुण्यात शिकली. स्टुडंट व्हिसा अभ्यासक्रमापुरता असतो. पदवी मिळाली की मुलगे दुबईला जातात, कॅनडाचं बघतात, नाहीच जमलं तर घरी जातात. मुलीची एम.ए.ची पदवी काबूलमध्ये चुलीत घालण्याच्याच लायकीची. तिने पासपोर्टची मुदत वाढवायला जायचं कुठे? मुंबईच्या अफगाण वाणिज्य दूतावासात मे २०२४ पर्यंत प्रमुखपदी एक बाई होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे तालिबानने नेमलेला माणूस आला. ज्यांच्यापासून पळायचं, त्यांच्याच शिक्क्यासाठी अर्ज करायचा.

अशा बायकांना इथे राहू देण्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने डिसेंबर २०११ मध्ये निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी लोकांसाठी एक कार्यपद्धती आखली. छळाची सार्थ भीती सकृतदर्शनी पटली तर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करायची, असं तीत म्हटलं आहे. असा व्हिसा मिळाला की खासगी नोकरी करता येते, शिकता येतं. छळाची जी कारणं त्या कार्यपद्धतीत मोजली आहेत त्यांत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आहेच, आणि शिवाय लिंगही आहे. म्हणजे लक्झेंबर्गच्या न्यायालयाला सामाजिक गटाचा वळसा घालून जिथे जावं लागलं, तिथे आपलं गृह मंत्रालय तेरा वर्षं आधी कागदोपत्री पोचलेलं होतं. अर्ज आला की परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाने तो त्या कारणाखाली वर पाठवायचा आणि दिल्लीने त्यावर सही करायची, एवढंच काम बाकी राहतं.